फिर्पोची खरी रेकॉर्ड कोणती? कर्णा, वेग आणि पियानोचा डावा हात

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. उत्तर लांबणार आहे, तेव्हा इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही वर्षभर टँगो नाच शिकताय आणि तुमच्या शिक्षकांनी जुन्या पिढीतला अर्जेंटिनाचा टँगो पियानोवादक रॉबर्टो फिर्पो ऐकायला सांगितलं. तुम्ही नेटवर शोधलंत, तर फिर्पोच्याच नावावर ‘ला कुम्पार्सिता’ ही टँगोची प्रसिद्ध रचना तीन तऱ्हांची सापडली. एक संथ, लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. दुसरी त्याहून भरीव. तिसरी चपळ, स्वच्छ, मोजक्या वाद्यांची. त्यातली संथ रेकॉर्ड दोन ठिकाणी दोन वेगळ्या पट्ट्यांत वाजते. यातली खरी कोणती, ऐकायला सुरुवात कुठून करायची, आणि बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी ब्युनोस आयर्सहून आणलेली ओडियन कंपनीची तबकडी साध्या टर्नटेबलवर लावावी का, हे तुम्हाला हवंय.

मी गेली बावीस वर्षं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचा आवाज संगणकात उतरवून द्यायचं काम करतो. त्यात नाट्यपदं आणि भावगीतं जास्त, पण टँगोच्या तबकड्याही बऱ्याच हाताखालून गेल्या आहेत. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना एके काळी वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटबरोबर टँगोही वाजवावा लागे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांतून अशा तबकड्या निघतात. बहुतेक युरोपातल्या बॉलरूम टँगोच्या असतात. अस्सल अर्जेंटिनाची हाती लागली की माझा तो दिवस सणाचा असतो, म्हणून तुमच्या काकांच्या तबकडीवर शेवटी सविस्तर येतो.

‘खरी कोणती’ याचं उत्तर लगेच देता येईल: तिन्ही. पण त्याने तुमचा गुंता सुटणार नाही. खरा प्रश्न असा आहे की कानावर जे पडतं त्यातलं फिर्पोचं किती, त्या काळच्या यंत्राचं किती, आणि पुढे कधीतरी ती तबकडी उतरवून नेटवर चढवणाऱ्याचं किती. हे तीन वेगळे काढता आले, की डब्यातल्या आवाजातूनही माणूस ऐकू यायला लागतो. मला हे जमायला काही वर्षं लागली. तुम्ही नाचता, म्हणजे ठेका अंगात आहे. तुम्हाला लवकर जमेल.

आधी माणूस. फिर्पोचा जन्म १८८४ चा, ब्युनोस आयर्स प्रांतातल्या लास फ्लोरेस गावचा. पियानो तो आल्फ्रेदो बेविलाक्वाकडे शिकला, आणि बेविलाक्वा स्वतः त्या काळचा नावाजलेला टँगो रचनाकार होता. १९०७ च्या सुमारास क्लॅरिनेटवाला हुआन कार्लोस बासान आणि एक व्हायोलिनवाला यांच्या जोडीने ला बोका या बंदरवस्तीत, आणि मग पालेर्मोतल्या ‘हान्सेन’ या प्रसिद्ध उपाहारगृहात तो वाजवू लागला. त्या काळी टँगोचा ताफा म्हणजे बासरी, व्हायोलिन, गिटार, आणि नुकतंच त्यात आलेलं बँडोनियन. बँडोनियन पाहिलं नसेल तर आपली पेटी डोळ्यांसमोर आणा: तसाच भाता, तशाच आतल्या पट्ट्या. पण भाता मांडीवर दोन्ही हातांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना बटणं, आणि तेच बटण भाता उघडताना एक सूर देतं, मिटताना बहुधा दुसराच. १९१० नंतर विसेन्ते ग्रेको आणि हुआन माग्लिओ ‘पाचो’ यांच्या ज्या पहिल्या तबकड्या निघाल्या, त्यांवर हाच ताफा आहे. पाचोच्या तबकड्या इतक्या खपल्या की लोक दुकानात जाऊन नुसतं ‘एक पाचो द्या’ म्हणत.

फिर्पोने काय केलं, तर या ताफ्यात गिटारच्या जागी पियानो पक्का बसवला. आज टँगोचा वाद्यवृंद पियानोशिवाय मनात येत नाही, ते रूप घडवण्यात त्याचा वाटा फार मोठा. पियानो आल्यावर ठेका डाव्या हाताकडे गेला आणि उजवा हात मोकळा झाला. व्हायोलिनचं वाक्य संपून पुढचं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत तो उजवा हात दोन-चार सुरांची लड सोडून देतो. एकदा ही जागा कानाला सापडली, की फिर्पोची कोणतीही रेकॉर्ड तुम्ही ओळखाल. रचनाकार म्हणूनही तो पहिल्या रांगेतला: ‘आल्मा दे बोएमिओ’, ‘एल आमानेसेर’, ‘अर्गान्यारास’, ‘दिदी’, आणि एदुआर्दो आरोलासबरोबर केलेला ‘फुएगोस आर्तिफिसिआलेस’. ‘आल्मा दे बोएमिओ’ तुमच्या वर्गात नक्की वाजला असेल, पेद्रो लाउरेन्सच्या वाद्यवृंदातला, १९४३ चा, आल्बेर्तो पोदेस्ताने एक सूर दम संपेपर्यंत धरलेला. ती रचना फिर्पोची, १९१४ ची.

आता यंत्र. इथे मी रेंगाळणार आहे, कारण तुमचा अर्धा गोंधळ इथलाच आहे.

ब्युनोस आयर्समध्ये ओडियनचं काम माक्स ग्लुक्समान बघायचा. चेर्नोव्हित्सहून आलेला हा माणूस सिनेमागृहांचाही मोठा मालक. आज ज्या नाट्यगृहात ‘एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड’ हे जगप्रसिद्ध पुस्तकांचं दुकान आहे, ती इमारत त्याचीच. फिर्पो त्याच्याकडे करारबद्ध होता आणि त्याने तिथे ढिगाने रेकॉर्डिंग केली. ही सगळी १९२६ च्या अखेरीपर्यंत मायक्रोफोनविना झाली. वादकांसमोर एक मोठा कर्णा, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. विजेची मदत शून्य. वाद्यातून निघालेली हवेची थरथर जेवढी पडदा हलवेल, तेवढीच खाच मेणात पडणार. आवाज कमीजास्त करायचा तर वादकाला पुढेमागे करायचं. व्हायोलिन कर्ण्याला चिकटून, मोठ्या आवाजाची वाद्यं मागे, आणि पियानो काही हलत नाही, म्हणून त्याच्या पुढच्या फळ्या काढून किंवा त्याला चौथऱ्यावर चढवून आवाज कर्ण्याकडे वळवायचा.

असा कर्णा ढोबळमानाने २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट पकडतो. पियानोवरची मधली पांढरी एक २६२ हर्ट्झची. म्हणजे डाव्या हाताचा बराचसा प्रदेश पट्ट्याच्या खाली जातो. त्या सुरांची मूळ कंपनं तबकडीवर जवळपास उमटलीच नाहीत, उमटले ते त्यांचे वरचे अंश. आपला कान हुशार आहे, वरचे अंश ऐकून खालचा सूर मनातल्या मनात जोडून घेतो, म्हणून डावा हात अगदीच नाहीसा होत नाही. पण त्याचा भार जातो. पाय जमिनीवर पडल्याची जी भावना नाचणाऱ्याला हवी असते, ती देणारा भागच कर्ण्याने गाळलेला आहे. ज्या माणसाने टँगोला पियानो दिला, त्याच्या रेकॉर्डवर सर्वात दुबळं वाद्य पियानो असावं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

कर्ण्याच्या काळातली नाट्यपदं कोणी ऐकली असतील तर त्यांना हे ओळखीचं वाटेल. गायकाचा आवाज पुढे, अगदी कानाशी, आणि मागे तबल्याची नुसती चाट टिकटिकताना. डग्ग्याचा घुमारा नाहीच. ते ऐकून आपण कधी म्हणत नाही की त्या तबलजीला डग्गा वाजवता येत नव्हता. फिर्पोबाबत मात्र लोक सर्रास म्हणतात की जुने वादक मिळमिळीत वाजवायचे.

एक प्रयोग सांगतो, आज रात्रीच करून बघा. फिर्पोच्या चौकडीची, म्हणजे चार वादकांच्या छोट्या ताफ्याची, १९३० च्या दशकातली एखादी स्वच्छ रेकॉर्ड घ्या. आवाज संपादनाच्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिचा २०० हर्ट्झखालचा आणि २५०० हर्ट्झवरचा भाग कापून टाका. मग ऐका. ती चपळ, लखलखीत चौकडी क्षणात पत्र्याच्या डब्यात जाईल. आता ही कापलेली रेकॉर्ड आणि खरोखरची १९१६ च्या आसपासची रेकॉर्ड शेजारी शेजारी लावा. दोन्हींत आता यंत्राचा फरक जवळजवळ मिटला, तेव्हा जो फरक उरतो तो वादनाचा. आणि तो छोटा नाही. जुन्या रेकॉर्डमध्ये चाल खरंच संथ आहे. ठेक्यात हाबानेराचा झोका आहे: पहिली मात्रा लांबवून पुढच्यांवर हलकेच उतरणारा. चौकडीत तो झोका जाऊन चालीत ठसका आला. जुन्या रेकॉर्डमध्ये वरच्या अंगाला बासरी भिरभिरते, चौकडीत ती नाही. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा रात्री दीडपर्यंत तीच दोन तुकड्यांची अदलाबदल करत बसलो होतो. त्या रात्रीपासून कर्ण्याच्या रेकॉर्ड मला जुन्या वाटेनाशा झाल्या, दूरच्या वाटू लागल्या. मधलं अंतर केवढं आहे हे कळलं की ते मनातल्या मनात कापता येतं.

इथवरचं पक्कं करून पुढे जाऊ. आवाज पातळ असणं कर्ण्यामुळे. चाल संथ आणि झोक्याची असणं फिर्पोमुळे, म्हणजे त्या काळच्या नाचामुळे. पट्टी दोन ठिकाणी वेगळी असणं मात्र या दोघांमुळे नाही. ते उतरवून घेणाऱ्यामुळे.

पट्टीचं असं आहे. ‘७८ ची रेकॉर्ड’ हे नाव आपण सरसकट वापरतो, पण १९२० च्या आधी ७८ हा आकडा ठरलेला नव्हता. कुणी ७५ वर कापे, कुणी ८० वर, कुणी त्याही पुढे. एकाच कंपनीच्या दोन दिवसांच्या कामात फरक पडे. आता ८० वर कापलेली तबकडी तुम्ही ७८ वर वाजवलीत, तर आवाज साधारण ४४ सेंट (अर्ध्या स्वरांतराचे शंभर सेंट), म्हणजे जवळपास अर्ध्या स्वरांतराच्या अर्ध्याने उतरतो, आणि तीन मिनिटांच्या बाजूला साडेचार सेकंद जास्त लागतात. दोन माणसांनी दोन वेगांवर उतरवलं की तेच वादन दोन पट्ट्यांत. साधी गोष्ट आहे, पण नेटवरच्या निम्म्याअधिक रेकॉर्डना हा रोग आहे.

बरोबर वेग शोधायचा कसा? नाट्यपदांच्या बाबतीत मी गायकाच्या पट्टीवर फार विसंबत नाही, कारण गायक कुठेही सा लावू शकतो. टँगोत एक सोय आहे. पियानो आणि बँडोनियन दोन्ही बांधलेल्या सुरांची वाद्यं. बँडोनियनवाला रेकॉर्डिंगच्या दिवशी आपलं वाद्य चढवू-उतरवू शकत नाही; आतल्या पट्ट्या कारागिराने घासून जुळवलेल्या असतात. म्हणजे आवाज कुठल्या तरी पांढऱ्या-काळी पट्टीवर यायलाच हवा. मी पेटी शेजारी ठेवतो, रेकॉर्डचा शेवटचा सूर धरतो आणि तपासतो. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मध्ये लोंबकळत असेल, तर वेग चुकलाय. मग वर न्यायचं की खाली? इथे वाद्याच्या सोयीकडे बघायचं. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा ज्या पट्टीत गुंजतात, बँडोनियनवर बोटं सहज पडतात, त्या पट्ट्या तिथले वादक निवडत. त्याच रचनेची पुढची, विजेवरची म्हणजे मायक्रोफोनची रेकॉर्ड मिळाली तर तिची पट्टी बघायची. दोन्ही पुरावे एकाच बाजूला झुकले तर मी वेग ठरवतो.

तरीही शेवटचा थोडा फरक सुटत नाही, आणि तो सुटल्याचा आव मी आणत नाही. त्या काळी वाद्यं ४३५ च्या हिशोबाने जुळवलेली असू शकतात आणि ४४० च्याही. यांत सुमारे २० सेंटचा फरक. म्हणून कुणी ‘ही रेकॉर्ड नेमकी ७९.३ वरच हवी’ असं छातीठोक सांगत असेल तर त्याला पुरावा विचारा. नाचण्यासाठी आणि ऐकण्यासाठी जवळची पट्टी पुरते. अर्ध्या स्वराने चुकलेली मात्र चालवून घेऊ नका, कारण तेवढ्याने नुसती पट्टी बदलत नाही, व्हायोलिनचा पोतच बदलतो. वेग चढला की ते किरटं होतं, उतरला की सुस्त. ‘फिर्पो सुस्त’ या समजामागे अशी उतरलेली रेकॉर्ड कितीदा असते हे मी मोजलेलं नाही, पण माझ्या टेबलावर ते अनेकदा घडलंय.

दुसरा घोळ सफाईचा. जुन्या तबकड्या आधी एलपीवर गेल्या, मग कॅसेटवर, मग सीडीवर, मग दाबून लहान केलेल्या फायलीत. वाटेत कुणी पोकळ घुमारा मिसळला, कुणी खरखर घालवायच्या नादात वरचे सूर पुसले. खरखर आणि बासरीची फुंक एकाच पट्ट्यात राहतात. एक काढलीत की दुसरी जाते. त्यामुळे दोन प्रती समोर असतील तर जास्त खरखरीची निवडा. पहिलं अर्धं मिनिट त्रास होतो, मग कान खरखर बाजूला ठेवतो. पाऊस पडत असताना आपण गप्पा मारतोच की.

आता ‘ला कुम्पार्सिता’कडे, कारण तुम्ही तीच निवडली हे फार बरं झालं. १९१६ च्या सुमारास फिर्पो मोंतेविदेओला ‘ला हिराल्दा’ कॅफेत वाजवत होता. तिथे विद्यार्थ्यांचा एक घोळका त्याच्याकडे कार्निव्हलसाठी केलेली एक चाल घेऊन आला. चाल हेरार्दो मातोस रोद्रिगेसची, वय विशीच्या आतबाहेर, वास्तुकलेचा विद्यार्थी. ती होती संचलनाची चाल. यातून टँगो होईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. फिर्पोने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्याने ती दुरुस्त केली आणि कमी पडलं तिथे आपल्याच ‘ला गाउचा मानुएला’ आणि ‘कुर्दा कोम्प्लेता’ या रचनांतले तुकडे घातले. त्या रात्री ती वाजली आणि मुलांनी जल्लोष केला. फिर्पोने ती ओडियनसाठी रेकॉर्डही केली. पण आपलं नाव त्याने रचनेवर लावलं नाही. रेकॉर्ड बेताचीच चालली आणि विसरली गेली. १९२४ मध्ये पास्क्वाल कोन्तुर्सी आणि एन्रिके मारोनी यांनी तिला शब्द दिले, ती ‘सी सुपिएरास’ म्हणून जगभर गेली, आणि मातोस रोद्रिगेसला हक्कांसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ‘ला हिराल्दा’ पाडून त्या जागी १९२८ मध्ये पालासिओ साल्वो उभा राहिला. आज त्या इमारतीत टँगोचं संग्रहालय आहे.

हे सांगण्याचं कारण ऐकण्याशी जोडलेलं आहे. तुमच्या वर्गात वाजणारी ‘ला कुम्पार्सिता’ चाळीसच्या दशकातली असणार, नाट्यमय, थांबून थांबून झेप घेणारी. ती मनात ठेवून फिर्पोची पहिली रेकॉर्ड ऐकलीत तर पदरी निराशा येईल. त्याऐवजी असं ऐका की अजून कुणालाही माहीत नसलेली, कालपरवापर्यंत संचलनाची असलेली चाल एका कसलेल्या वादकाने हातात घेतलीय आणि तिला चालायला शिकवतोय. पहिल्या भागात ते सरळ चार पावलांचं संचलन अजून ऐकू येतं. झोका पुढे शिरतो.

सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: उलटीकडून. फिर्पोने १९३० च्या दशकाच्या मध्यावर मुद्दाम जुन्या धाटणीची चौकडी काढली. हुआन दारिएन्सो या वाद्यवृंदप्रमुखाने तेव्हा ठसक्याच्या चालीने नाचणाऱ्यांना वेड लावलं होतं, आणि जुन्या रचनांना पुन्हा दिवस आले होते. चारच वादक, आणि त्यांत पियानो, व्हायोलिन, बँडोनियन. काही काळ बँडोनियनवर हुआन काम्बारेरी होता आणि त्याची बोटं वाऱ्यासारखी धावतात. इथे फिर्पोचा पियानो पहिल्यांदा अंगभर ऐकू येतो. डावा हात ओळखून घ्या. मिलोंगा (टँगोचा चपळ भाऊबंद) आणि वाल्स (तीन मात्रांचा) ऐका, त्यांवर नाचा; नाचल्याशिवाय ही चौकडी पुरती कळत नाही.

मग एक टप्पा मागे, १९२७ ते १९३० च्या आसपासची मोठ्या वाद्यवृंदाची रेकॉर्डिंग. मायक्रोफोन आलेला आहे, पाच हजार हर्ट्झपर्यंत आवाज पोचतोय, आणि चाल अजून जुनी, निवांत आहे. काही रेकॉर्डवर तेओफिलो इबान्येस गातो, पण गाणारा तिथे पाहुणा असतो: मधलं कडवं म्हणतो आणि बाजूला होतो. माझं मन सगळ्यात जास्त इथे रमतं. जुनी चाल आणि नवं यंत्र यांची अशी गाठ थोडीच वर्षं पडली.

आणि मग कर्णा. इथे सर्वात आधी ‘एल आमानेसेर’ लावा. नावाचा अर्थ पहाट. व्हायोलिनं पाखरांचे आवाज काढतात, किलबिल, लांबून एक हाक, जवळून उत्तर. व्हायोलिन हे कर्ण्याचं लाडकं वाद्य, कारण त्याचा आवाज बरोबर त्याच्या पट्ट्यात बसतो, त्यामुळे ही रचना कर्ण्याच्या काळातही खुलून येते. हीच रचना चौकडीकडूनही मिळते. दोन्ही ऐका आणि पाखरं सोडून खाली लक्ष द्या: डावा हात काय करतोय. चौकडीत तो सापडला की जुन्या रेकॉर्डमध्येही सापडतो, पुसट शाईतल्या अक्षरासारखा. आधी मजकूर माहीत असला की वाचता येतं.

राहिली काकांची तबकडी. साध्या टर्नटेबलवर आहे तशी लावू नका. एलपीची सुई ७८ च्या खाचेसाठी फार बारीक असते, ती खाचेच्या तळाशी घसटत जाते, खरखर उचलते आणि सुई खराब होते ती वेगळीच. ७८ साठी साधारण तीनपट जाड टोकाची सुई मिळते, बऱ्याच कार्ट्रिजना ती बदलून बसते. वजन तीन ते पाच ग्रॅम. दोन्ही चॅनल जोडून मोनो करा, वर-खाली हलण्याचा आवाज आपोआप कटतो. टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर उतरवून संगणकात वेग वाढवता येतो. मात्र फोनो प्रीअँपमधली (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणाऱ्या उपकरणातली) एलपीची भरपाई, म्हणजे खालचे सूर वाढवणं आणि वरचे दाबणं, त्या उतरवलेल्या आवाजात वेगळ्या जागी बसते, ती नंतर काढावी लागते. चावीच्या ग्रामोफोनवर तर मुळीच नको. त्याचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक वजनाने पोलादी सुई दाबतो.

धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही वापरू नका. तबकडी लाखेची आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुरुवातीच्या दिवसांत मी एका भजनाच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला होता. कापसावर काळा डाग उमटला, आणि तेवढ्या भागाची चमक कायमची गेली. ती तबकडी दुसऱ्याची होती. आजही ती बाजू मला आठवते. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं, आणि उभी करून वाळवणं. जाता जाता, त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख आपल्याच देशातून जाई, पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरून खरवडलेली. काकांनी ब्युनोस आयर्सहून आणलेली ती तबकडी बहुधा अर्धा जन्म इथलाच घेऊन परत आली आहे.

लावण्याआधी मात्र एक करा. लेबलवर ‘ओर्केस्ता तिपिका’ लिहिलंय की ‘कुआर्तेतो’ ते बघा, म्हणजे वाद्यवृंद की चौकडी ते कळेल. रचनेच्या नावाखाली कंसात जे नाव असेल ते रचनाकाराचं, वाजवणाऱ्याचं नाही. यात नवशिक्यांची फसगत होते. आणि लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर, खिडकीशी तिरकी धरली तर दिसतो असा, बारीक कोरलेला एक आकडा असेल. तो मूळ मेणाच्या चकतीचा क्रमांक. त्यावरून रेकॉर्डिंग कर्ण्याचं की मायक्रोफोनचं, आणि कुठल्या वर्षाच्या आसपासचं, हे बहुतेक वेळा लावता येतं. तो आकडा आणि लेबलवरचा सगळा मजकूर जसाच्या तसा इथे लिहा. वेग त्यानंतर ठरवू.